न उडणारा धोटा

“हे उत्तर कुणी लिहिलंय? त्यांना बोलवा.”

आवाज बाहेरच्या खोलीतून आला. चढा नव्हता, पण तो ऐकून मी हातातलं काम टाकून दाराशी गेले. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, पांढरी विजार, जाड काचांचा चष्मा. पायाशी गोणपाटात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेलं काहीतरी होतं आणि हातात एक छापील कागद.

“कुठलं उत्तर?” मी विचारलं.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला, “‘आपल्या मांडणीतला धोटा आधी उडत नव्हता, ही आमच्या खेळातली चूक होती. नव्या आवृत्तीत ती दुरुस्त केली आहे. वास्तवात धोटा उडतो, याची कृपया नोंद घ्यावी. वैजयंती आवटे, भौतिकी विभाग.’” कागद खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नोंद घ्यावी म्हणे! कोण ह्या?”

“मीच.”

“बरं झालं. मी भूपाल मगदूम. इचलकरंजीला यंत्रमागावर जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, ठाऊक नसंल तर सांगतो. पहाटेच्या एस्टीनं आलोय. बिघाड तुमचा हाय, म्हणून मशीन तुमच्याकडं घेऊन आलोय.”

गोणपाटात त्यांच्या संगणकाचा सीपीयू होता. तो मांडीवर घेऊन ते पाच-सहा तास बसून आले होते.

मला राग आला. आज चौदा वर्षांनी सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा आला तो रागच. तो सगळा आठवडाच तसा गेला होता.

आम्ही नऊ जण पुण्यात कर्वेनगरच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ‘जुळणी’ नावाचा खेळ बनवत होतो. पडद्यावर फळ्या, चाकं, दोऱ्या, स्प्रिंगा, पाणी असं सामान मिळायचं. ज्याला जे हवं ते जोडावं आणि बटण दाबून चालू करावं. जिंकणं-हरणं काही नाही. लोकांनी काय काय करून ठेवलं होतं! डोंगर चढणारे ओढे, वर्षभर आपोआप फिरणारी चक्रं, फळ्यांच्या पायांनी चालणारे हत्ती. अशा एकेका रचनेला आम्ही मांडणी म्हणायचो. लोकांनी केलेल्या चाळीस हजारांवर मांडण्या आमच्याकडे साठल्या होत्या.

हे सगळं चालायचं, कारण खेळातले नियम वाकडे होते. घर्षण जवळजवळ नव्हतं. वस्तू कितीही जोरात आदळली तरी मोडत नसे. आणि एखादी वस्तू वेगामुळे आपल्या खाचेतून निसटू लागली की खेळ तिला हळूच ओढून परत जागेवर बसवायचा. मालक सलील दाबके यानं सुरुवातीला घाईत ते तसं लिहिलं होतं आणि लोकांना तेच आवडलं होतं.

मला ते बघवत नसे. मी भौतिकशास्त्र शिकून आलेली. विद्यापीठातल्या जुन्या मित्रमैत्रिणींनी एकदा माझ्यासमोर तो खेळ उघडला आणि ओढा डोंगर चढताना बघून इतके हसले की मी चहा अर्धा टाकून निघून आले. पुढचं दीड वर्ष मी एकच काम केलं. खेळाचे सगळे नियम नव्यानं, खऱ्या जगासारखे लिहिले. लाकूड मोडू लागलं, दोरी तुटू लागली, पाणी खाली वाहू लागलं. त्याच जोरावर सलीलला एका मोठ्या शाळासमूहाचं काम मिळालं. खोक्यावर ‘वास्तवदर्शी’ हा शब्द छापला गेला.

सोमवारी नवी आवृत्ती सगळ्यांच्या संगणकांवर आपोआप उतरली आणि जुन्या मांडण्या कोसळल्या. हत्ती दुसऱ्या पावलाला मोडून पडले. ‘जुन्या मांडण्या नव्या नियमांत चालवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही,’ असं आम्ही जाहीर करून टाकलं होतं. तरी तीन दिवसांत सातशेच्या वर पत्रं आली. ती सगळी फिरोज तांबोळी एकटा वाचत होता. खेळणाऱ्यांशी बोलायचं काम त्याचं. बुधवारी त्याचे डोळे सुजलेले पाहून मी त्याच्याकडची वीसेक पत्रं मागून घेतली आणि पटापट उत्तरं दिली. मगदूमांच्या पत्रात एकच ओळ होती : ‘सोमवारपासून मागातला धोटा उडतो, कृपया बघावे.’ त्यावर मी अर्धं मिनिटसुद्धा घालवलं नसेल.

आणि शुक्रवारी ते उत्तर हातात घेऊन हे माझ्यासमोर उभे होते.

“या आत,” मी म्हटलं. “पण आधीच सांगते, चुकीचं होतं ते बरोबर केलंय. परत चुकीचं करून मिळणार नाही.”

“आधी बघा तर खरं. डॉक्टर पण आधी बघतो.”

फिरोजनं सीपीयू माझ्या टेबलावर जोडून दिला. मगदूमांनी मांडणी उघडली आणि मी पुढे वाकले.

तो अख्खा यंत्रमाग होता. फळी फळी, चाक चाक. ताण्याचे, म्हणजे उभे, ऐंशी धागे मी नंतर मोजले. ते वरखाली व्हायचे. त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन जायला लाकडी धोटा, त्याला दोन्हीकडून तडाखा मारणारे दांडे, खाली कापड गुंडाळणारा रूळ. दहा वर्षं असे खेळ पाहत आले होते, पण इतकी बारीक, इतकी निगुतीनं केलेली मांडणी मी पाहिली नव्हती.

“किती दिवस लागले?” फिरोजनं विचारलं.

“दोन वर्षं. रविवार रविवार करून.”

त्यांनी बटण दाबलं. धोटा डावीकडून उजवीकडे गेला. परत आला. तिसऱ्या खेपेला तो धाग्यांवरून सटकला, वर उडाला, आडव्या फळीवर आदळून फुटला आणि सगळा माग धाग्यांत गुरफटून बसला.

“हे बघा,” मी म्हटलं. माझ्या आवाजात कौतुक होतं, माझंच. “इतक्या वेगानं गेलेली वस्तू अडखळली की अशीच उडणार. आता खरं वाटतं की नाही?”

मगदूमांनी चष्मा काढला.

“मॅडम, माझ्याकडं बघा. नीट बघा.”

त्यांचा उजवा डोळा माझ्यावर होता. डावा नव्हता. डावा भलतीकडेच, पापणीही न हलवता बघत होता.

“शहाण्णव साल. शेजारच्या मागाचा धोटा. हा डोळा काचंचा हाय. आणि तुम्ही मला लिहून कळवताय, वास्तवात धोटा उडतो म्हणून. नोंद घ्या म्हणून!”

मी मागे सरकले.

“आणि तुमचं खरं तरी कुठं खरं हाय? खरा धोटा असा सरळ वर जात न्हाई ओ. तिरका जातो, बाजूला. शेजारच्या मागावर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर जातो. त्याला टोकाला लोखंड असतं. तुमचा धोटा आभाळात जातो आणि फुटतो. खरा फुटत न्हाई. माणूस फुटतो.”

फिरोजनं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

“काका,” फिरोज म्हणाला, “हा माग तुम्ही कशासाठी केला होता?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. गल्लीतल्या समाजमंदिरात दर रविवारी ते अकरा बायकांना जॉबरचं काम शिकवत होते. इचलकरंजीत बायका धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरतात, धागे जोडतात, काही माग चालवतातही. पण माग बिघडला की बायकांनी बाजूला व्हायचं आणि जॉबरची वाट बघत बसायचं. जॉबर बाप्याच असतो. बाईला माग उघडून दाखवायला कुठलाच कारखानदार तयार नव्हता. मग मगदूमांच्या पुतण्यानं त्यांना ‘जुळणी’ दाखवली होती.

“मी माग केला आणि मुद्दाम बिघडवला. दांडा सैल केला, धागा चुकवला. म्हटलं, शोधा चूक. बायका शोधायच्या. कारण धोटा उडतच नव्हता, मॅडम. अडकायचा, थांबायचा, पण उडायचा न्हाई. त्यांच्या मनात जी भीती बसलीय, ती लहानपणापासनं बसलीय. प्रत्येकीच्या घरात कुणाला तरी लागलंय. भीती असली की डोकं चालत न्हाई, हात मागं येतो. खेळात भीती नव्हती, म्हणून शिकत होत्या. सात-आठ महिन्यांत मला उलट विचारायला लागल्या होत्या, काका, हा दांडा असा का, तसा का न्हाई?”

“मग सोमवारी?”

“सोमवारी मालन ऐवळे म्हणून एक हाय, तिनं बटण दाबलं. त्या दिवशी वीज न्हवती म्हणून कारखाने बंद, समाजमंदिरात इन्व्हर्टर हाय, तर म्हटलं शिकून घेऊ. धोटा उडाला. पोरगी खुर्चीसकट मागं पडली. तिच्या भावाचे पुढचे दात धोट्यानं गेलेत. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, तर अकरातल्या पाचच आल्या.”

एवढ्यात सलील आला. आवाज ऐकून आला असावा. सलील माणूस गोड बोलणारा. त्यानं नमस्कार केला, खुर्ची ओढून मगदूमांच्या जवळ बसला, सगळं ऐकून घेतलं.

“काका, तुमचं काम खरंच थोर आहे,” तो म्हणाला. “पण जुनी मांडणी नव्या खेळात चालवणं तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही. असतं तर आम्ही केलं नसतं का?”

“रविवारपर्यंत चालत होतं.”

“हो, पण आता आतली रचनाच बदललीय.”

“कुणी बदलली? आपोआप बदलली?” मगदूमांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “साहेब, मी चाळीस वर्षांचे जुने माग दुरुस्त करतो. नवीन पण करतो. आज दुकानातनं आणलेला दांडा चाळीस वर्षांच्या मागाला बसतो. बसवतात तसा. कारण करणाऱ्याला ठाऊक असतं, कुणाचं तरी पोट त्या जुन्या मागावर हाय. तुम्ही म्हणता शक्य न्हाई. जे रविवारी चालत होतं, ते सोमवारी अशक्य कसं होतं, एवढं मला समजावून सांगा. मी अडाणी हाय, पण यंत्राच्या बाबतीत न्हाई.”

सलीलनं माझ्याकडे पाहिलं. हे माझं खातं होतं.

फिरोजनंही माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं बघणं वेगळं होतं. कारण खोलीत आम्हा दोघांनाच एक गोष्ट माहीत होती.

ते शक्य होतं. चार महिन्यांपूर्वी फिरोजच माझ्याकडे येऊन बसला होता. म्हणाला होता, प्रत्येक मांडणीवर तारीख असते. जुनी तारीख असेल तर जुने नियम लाव, नवी असेल तर नवे. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत. मी हिशेब केला होता, पाच-सहा आठवड्यांचं काम होतं. आणि मी म्हटलं होतं, “चूक जपून ठेवायची? मी दीड वर्ष घालवलं ते कशासाठी?” दुसऱ्या दिवशी सलीलनं सगळ्यांसमोर विचारलं, जुन्या मांडण्यांचं काय? मी म्हटलं, शक्य नाही. एवढंच. सलीलनं विश्वास ठेवला. फिरोज गप्प राहिला, कारण तो माझा मित्र होता.

माझ्या खेळात पुन्हा तो डोंगर चढणारा ओढा कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी मी खोटं बोलले होते. वास्तवाच्या नावानं.

“शक्य आहे,” मी म्हणाले.

“काय?” सलील म्हणाला.

“शक्य आहे. तेव्हाही होतं. मी नको म्हणून शक्य नाही म्हटलं.”

सलीलचा चेहरा लाल झाला. तो मला काय बोलला ते सांगत नाही; जे बोलला ते बोलायचा त्याला हक्क होता. पण मग तो मगदूमांकडे वळला आणि म्हणाला, “काका, माफ करा. तरीसुद्धा आता करता येणार नाही. शाळांना आम्ही लिहून दिलंय की खेळात एकही चुकीचा नियम नाही. जुनं परत आणलं तर ते काम जाईल.”

“म्हणजे आधी जमत नव्हतं, आणि आता जमतंय तर करायचं न्हाई,” मगदूम म्हणाले. ते उठले. सीपीयूच्या वायरी त्यांनी स्वतःच्या हातानं, एकेक करून काढल्या. फिरोज मदतीला गेला तर त्याला हातानंच थांबवलं. सुतळी बांधून झाल्यावर ते माझ्यापुढे उभे राहिले.

“मॅडम, मला वाटलं होतं, शहाण्या माणसाच्या हातनं चूक झालीय, जाऊन दाखवली की कळंल. इथं चूक न्हवतीच.”

चहा न घेता ते गेले.

त्या दिवसापासून पाच आठवडे मी आणि फिरोज ते काम करत होतो. सलीलला सांगून करत होतो, तो नको म्हणत असताना करत होतो. झालं तेव्हा मी त्याच्यापुढे ठेवलं. जुनी तारीख, जुने नियम. चाळीस हजार मांडण्यांमधले हत्ती परत चालायला लागले होते. त्यानं ते पाहिलं. त्याच्या स्वतःच्या हातचे ते वाकडे नियम होते, एक क्षण त्याला हसू फुटलं. मग म्हणाला, “शाळांचं काम होईपर्यंत नाही.”

“ते काम तीन वर्षांचं आहे, सलील.”

“तू तेव्हाच खरं बोलली असतीस तर मी करारात तसं लिहून घेतलं असतं. आता मला वास्तव शिकवू नकोस.”

त्याचं बरोबर होतं. तरी मी टेबलावर हात आपटला, आरडाओरडा केला, खोक्यावरचा तो शब्द त्याच्या तोंडावर फेकला. महिनाअखेर मी नोकरी सोडली. जाताना एका सीडीवर ती आवृत्ती घेतली. परवानगी न घेता घेतली, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

इचलकरंजीला पोचले तेव्हा दुपार होती. समाजमंदिराच्या पायरीपर्यंत मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मगदूमांनी मला ओळखलं, बसायला सतरंजी दिली. सीडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“चालंल?”

“चालेल. रविवारी चालत होतं तसंच.”

रविवार नव्हता, तरी पाळी संपवून आलेल्या चार बायका संगणकासमोर होत्या. त्यांतली रेहाना मुजावर म्हणून एक उत्साहानं मला पडदा दाखवायला लागली. नव्या, माझ्या नियमांच्या खेळातच तिनं धोट्याच्या वाटेवर आडवे गज लावले होते, पिंजऱ्यासारखे. धोटा उसळायचा, गजाला आपटून खाली यायचा. “कारखान्यात पण लावा म्हणून मालकाला सांगितलं,” ती म्हणाली. “तो म्हणतो, गज लावला की धागा जोडायला वेळ जातो.”

मला एकदम बरं वाटलं. इतकं बरं, की मी मगदूमांकडे वळून म्हणाले, “बघा ना, नव्या खेळामुळंच तिला हे सुचलं.”

“व्हय. तिला सुचलं,” मगदूम म्हणाले. “चौघी राहिल्या. त्यांचं श्रेय पाहिजे तर घ्या, मी कोण अडवणार? पण सात गेल्या. त्यांच्या घरी जाऊन हे सांगाल का?”

“सांगते,” मी म्हटलं. “आणि जुना खेळ परत आलाय, हेही सांगते.”

मालन ऐवळेचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. रेहाना मला दारापर्यंत सोडून परत गेली. पंचविशीची एक बारीक अंगाची बाई दाराशी कांड्या भरण्याच्या छोट्या यंत्रापुढे बसली होती. यंत्र भरभर फिरत होतं, धागा तिच्या बोटांमधून जात होता. मी माझं नाव सांगितलं. खेळ मी बनवला, असंही सांगितलं. तिनं यंत्र थांबवलं नाही.

“मालनताई, तो जुना माग परत चालू झालाय,” मी म्हणाले. “आता धोटा उडत नाही. तुम्ही या रविवारी परत या. मगदूमकाका वाट बघतायत.”

“आता न्हाई येत.”

“अहो, खरंच उडत नाही. मी स्वतः तपासलंय. हवं तर माझ्याबरोबर चला, मीच बटण दाबते.”

“आता उडत नसंल. पण मला ठाऊक झालं ना.”

“काय?”

तिनं भरलेली कांडी काढली, टोपलीत टाकली, रिकामी लावली. मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

“कारखान्यात उडतो, ते आम्हाला जन्मापासनं ठाऊक हाय, बाई,” ती म्हणाली. “खेळात तरी उडायला नको होता.”